आंजर्ल्याजवळचं कौलारू घर: पंधरा लाखांचा सौदा, पस्तीस लाखांची विक्री आणि मधले एकवीस महिने

माझा भाचा खेडमध्ये वायरिंगची कामं घेतो. त्याची बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. जुनं घर घ्यायचं, डागडुजी करायची आणि नफ्याने विकायचं, हे खूळ दोघांच्या डोक्यात २०२२च्या दिवाळीत शिरलं. मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेलो, त्यामुळे कागद घेऊन ती दोघं माझ्याकडे आली. सल्ला मी दिला, तो त्यांनी निम्माच ऐकला. जो ऐकला त्यातलाही काही चुकीचा निघाला. हिशेबाची वही मात्र माझ्याकडेच राहिली. त्या वहीवरून हे लिहितो आहे.

घरं दोन पाहिली होती. पहिलं अगदी समुद्राला लागून होतं. पुढे सुरूचं बन, मागे पोफळी, आणि भाव चार लाखांनी कमी. भाचा हरखून गेला. मी सातबारा मागितला. घर शेतजमिनीवर होतं, बिनशेती झालेलं नव्हतं. १९४८च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. भाच्याच्या वडिलांच्या नावावर दहा गुंठे आहेत, म्हणजे त्याला घेता आलं असतं. पण विकायचं कोणाला? ठाण्या-पुण्याहून येणाऱ्या दहा गिऱ्हाइकांतल्या सात-आठ जणांकडे शेतकरी असल्याचा दाखला नसतो. त्यात घर भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरच्या नियमांच्या, २०११ आणि २०१९ या दोन्ही अधिसूचनांनुसार अशा पट्ट्यात अधिकृत जुन्या बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोतं आणि चटईक्षेत्र आहे तेवढंच ठेवावं लागतं. मागच्या पडवीच्या जागी दोन खोल्या काढण्याचा भाच्याचा बेत तिथेच संपला.

दुसरं घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, वाडीच्या आत, गावठाणात. चिरेबंदी भिंती, मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मधे माजघर, मागे पडवी, पुढच्या अंगाला खळं, परसात विहीर. जागा सहा गुंठे. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात अर्धं छप्पर उडालं आणि तेव्हापासून घर बंद पडलं होतं. गच्ची नाही, समुद्र दिसत नाही. शेतकरी दाखल्याचीही कटकट नाही. मी म्हटलं, हेच घे.

मालक पाच होते. दोघे भाऊ मुंबईत, बहीण रत्नागिरीला, आणि वारलेल्या तिसऱ्या भावाची बायको नि मुलगा सुरतेला. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ला नाव अजून त्यांच्या आजोबांचंच. हा उतारा कर आकारणीचा असतो, मालकीचा नव्हे, हे सांगून माझी जीभ झिजली आहे. लोक तरी तोच उतारा छातीशी धरून बसतात. गावठाणाचं ड्रोन सर्वेक्षण करून मालमत्ता पत्रिका देणारी स्वामित्व योजना २०२०मध्ये सुरू झाली. ती पत्रिका हाती असली की बँकेचा वकील निम्मा शांत होतो. या घराची नव्हती.

फेब्रुवारी २०२३मध्ये पंधरा लाखांना सौदा ठरला आणि एक लाखाचा विसार चेकने दिला. विसारपावतीत मी एक ओळ घालून घेतली: पाचही वारसांच्या सह्या झाल्या नाहीत किंवा तीस वर्षांच्या सर्च रिपोर्टमध्ये, म्हणजे वकिलाने मालकीच्या जुन्या नोंदी तपासून दिलेल्या अहवालात, खोट निघाली तर विसार परत. ती ओळ चांगली होती. तिच्याखाली आणखी एक हवी होती, खरेदीखत होईपर्यंत घराला हात लावायचा नाही अशी. ती मला सुचली नाही.

पैशाची जुळवाजुळव आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर फिरतं.

गृहकर्ज मिळणार नाही हे मला दिसत होतं, तरी भाच्याला दोन बँकांत पाठवलं. नकार स्वतःच्या कानाने ऐकलेला बरा. छप्पर नसलेलं, सत्तरेक वर्षांचं, मयताच्या नावावर असलेलं घर कोणती बँक तारण घेईल? रिझर्व्ह बँकेच्या नियमात तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. देता येते ही कमाल मर्यादा झाली. पहिल्यांदा उतरणारे ती आपला हक्क समजतात.

मग असं जमलं. दोघांची बचत आठ लाख. माझ्या बहिणीच्या, म्हणजे त्याच्या आईच्या पाटल्या-गोठ बँकेत ठेवून चार लाख, साडेनऊ टक्क्यांनी. खेडमधला दुकानाचा गाळा तारण ठेवून पतसंस्थेकडून सात लाख, चौदा टक्क्यांनी. आणि मुंबईच्या चुलतभावाचे पाच लाख. त्याला व्याज नको होतं, नफ्यात चौथा हिस्सा हवा होता. एकूण चोवीस लाख. खर्चाचा अंदाज असा: घर पंधरा, कागदपत्रं एक, दुरुस्ती सात, मिळून तेवीस. हाताशी एक लाख शिल्लक.

पतसंस्थेच्या करारात मुदतीआधी कर्ज फेडलं तर दोन टक्के दंड होता. बँकांना व्यक्तींच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर असा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२मध्येच मनाई केली आहे, पण पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, रिझर्व्ह बँकेच्या नव्हे. जो माणूस घर विकून कर्ज फेडणार आहे तो मुदतीआधीच फेडणार, त्यामुळे हे कलम नेमकं त्याच्याच मानेवर बसतं. सही करण्याआधी चेअरमनसाहेबांसमोर बसून ती ओळ खोडून घेतली. सात लाखांवर चौदा हजार वाचले. या प्रकरणात माझा नि:संशय उपयोग झाला तो एवढाच.

चुलतभावाचे पैसे भाच्याला सगळ्यात स्वस्त वाटत होते. "मामा, बिनव्याजी आहेत ते," तो म्हणाला होता. त्याचा हिशेब शेवटी येईल.

एप्रिल संपला आणि आगोटीची घाई सुरू झाली. अर्धं घर उघडं, आणखी एक पावसाळा भिंतींवर पडला तर चिऱ्यांमधला चुना-माती धुऊन जाणार, ही भाच्याची भीती खरीच होती. खरेदीखत जूनच्या पहिल्या आठवड्यात करायचं असं तोंडी ठरलं होतं. त्याने मे महिन्यात माणसं लावली, नवी कौलं आणली, जुन्या वाशांवर चढवली. १ लाख ४० हजार खर्च झाले. सुतार वयस्कर होता. त्याने आढ्याला खिळा टोचून दाखवला, तो लोण्यात शिरावा तसा आत गेला. "वाळवी हाय आत. कौलं चढवून काय करताय?" भाच्याला पाऊस दिसत होता. तो म्हणाला, वरून तरी झाकून घ्या.

झाकलेल्या छपराचा फोटो मालकांच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. कोणी टाकला ते कळलं नाही, बहुतेक शेजाऱ्यांपैकी कोणीतरी कौतुकानेच. रत्नागिरीच्या ताईंचा फोन आला. घर तर नवं दिसतंय, मग भाव जुनाच कसा? दोन लाख वाढवून मागितले. आपल्या पैशाने घातलेल्या कौलांची किंमत आपल्यालाच द्यायची, असा तो मामला. भाचेसून चिडून म्हणाली, कौलं उतरवून घेऊन जाऊ. पण कोणत्या कायद्याने? दुसऱ्याच्या घरावर, लेखी परवानगीशिवाय घातलेली कौलं ती. एक लाखावर तोडगा निघाला आणि सौदा सोळा लाखांचा झाला. हाताशी ठेवलेला लाख तिथे गेला.

जूनचं खरेदीखतही झालं नाही. सुरतेच्या मुलाला रजा नव्हती, मुंबईच्या धाकट्या भावाचं ऑपरेशन निघालं. कुलमुखत्यारपत्राचा विषय काढला तर ताईंना संशय आला. मी भाच्याला म्हटलं, आता गणपतीपर्यंत गप्प बस. कोकणातल्या घरांचे व्यवहार तीन वेळा होतात: गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात, कारण एरवी पाच सह्या एका गावात नसतात. १९ सप्टेंबर २०२३ला चतुर्थी होती. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं आणि त्यानंतरच्या आठवड्यात पाचही जण दापोलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात हजर होते. ताईंनी येताना खिरापतीचा डबा आणला होता. व्यवहारापुरती चीड, बाकी माणूस मायाळू.

खरेदीखत भाचेसुनेच्या एकटीच्या नावाने केलं. महिलेच्या नावाने निवासी घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, ती १ एप्रिल २०२१पासून आहे. पूर्वी तिला अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येणार नाही. दुरुस्त करून विकणाऱ्याला ती अट म्हणजे गळफास. मे २०२३मध्ये अट निघाली, आमचं खत सप्टेंबरमध्ये झालं. ते लांबल्याचा काही फायदा झालाच असेल तर हा. सोळा हजार वाचले. शुल्क, नोंदणी फी, वकील, सर्च रिपोर्ट, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस मिळून एक लाख गेले.

त्या दिवसापासून मीटर सुरू झाला. सात लाखांचं चौदा टक्क्यांनी रोजचं व्याज २६८ रुपये, सोन्यावरच्या कर्जाचं १०४. मी कालनिर्णयच्या पानावर वर लिहून दिलं: रोज ३७२. भाचेसुनेने ते पान स्वयंपाकघरात लावलं. भाच्याला ते आवडलं नव्हतं.

दुरुस्तीत छपरानेच खाल्लं. ऑक्टोबरमध्ये पावसाने उघडीप दिल्यावर कौलं पुन्हा उतरवावी लागली. आढं, भाल आणि निम्मे वासे पोकळ झाले होते. सुतार काही बोलला नाही, त्याने तोच खिळा पुन्हा टोचून दाखवला. कौलं बहुतेक वापरात आली, मजुरी दुप्पट गेली. १ लाख ८० हजारांच्या अंदाजाचं छप्पर ३ लाख १० हजारांवर थांबलं. न्हाणीघर, संडास, फरशी १ लाख ८५ हजार. विहीर उपसणं, पंप, टाकी ९० हजार. वायरिंग स्वतः केलं म्हणून ८० हजारांत. दरजा भरणं आणि रंग ९५ हजार. खळं, गडगा आणि रस्त्यापासूनची पाखाडी १ लाख १० हजार. किरकोळ २५ हजार.

आणि ओटी-माजघरामधली भिंत. भाच्याला 'हॉल' हवा होता, व्हिडिओत मोठा दिसतो म्हणून. चिऱ्याच्या घरात भिंतच वरचा भार घेते, म्हणून लोखंडी तुळई घालून मधला भाग पाडला. ४५ हजार. एकूण नऊ लाख चाळीस हजार, म्हणजे अंदाजापेक्षा दोन लाख चाळीस हजार जास्त. पैसे मार्चमध्ये संपले. भाचेसुनेने शिक्षकांच्या पतपेढीतून पगारावर अडीच लाख काढले, दहा टक्क्यांनी. कालनिर्णयवरचा आकडा ४४० झाला.

एप्रिल २०२४मध्ये घर विक्रीला काढलं, बेचाळीस लाखांना. हा आकडा कुठून आला असं मी विचारलं. तीन मैल पलीकडच्या एका बंगल्याची जाहिरात त्याने पाहिली होती. जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. विक्री किती रुपयांना झाली ते इंडेक्स टूमध्ये, म्हणजे निबंधक कार्यालयातल्या नोंदणीच्या उताऱ्यात असतं, आणि आजूबाजूच्या चार-पाच व्यवहारांचे इंडेक्स टू काढायला एक दुपार पुरते. ती दुपार त्याने जूनमध्ये खर्च केली.

ड्रोनवाला बोलावला. ढोल-ताशाच्या आवाजावर नारळाच्या झावळ्यांतून वर जाणारा व्हिडिओ, खाली अक्षरं: 'सी-व्ह्यू हेरिटेज व्हिला'. समुद्र दिसत होता, ड्रोनला. व्हिडिओ, पैसे भरून केलेल्या जाहिराती, फलक, जाणं-येणं, सगळे मिळून ३८ हजार. साठेक फोन आले. नऊ जण प्रत्यक्ष येऊन गेले. त्यातले चार जण ओटीवर उभे राहूनच विचारत होते, समुद्र कुठे आहे? खोट्या कौतुकाने आणलेलं गिऱ्हाईक दारातूनच नाराज होऊन परत जातं, आणि जाताना आपला रविवारही घेऊन जातं.

फोनवर लोक काय विचारतात याची नोंद भाचेसुनेने ठेवली होती, शाळेच्या हजेरीसारखी रेघा मारून. सर्वांत जास्त रेघा 'मे महिन्यात पाणी असतं का' याला. मग 'गाडी दारापर्यंत येते का', मग 'पावसात गळतं का', मग 'बँक कर्ज देईल का'. हॉल किती मोठा, हे दोघांनी विचारलं होतं.

तिने त्यावर जे केलं ते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं काम. वीस मेला विहिरीचा फोटो काढला, दोराला पाण्याच्या पातळीशी खूणगाठ मारलेली, बाजूला त्या दिवशीचं वर्तमानपत्र. जुलैच्या मुसळधार पावसात माजघरात उभं राहून तीन मिनिटांचा व्हिडिओ केला: पावसाचा आवाज, मोबाईल कोपऱ्याकोपऱ्यातून फिरतोय, छताखालचे रीप कोरडे. गाणं नाही. त्याला पसंतीचे अंगठे फारसे पडले नाहीत, पण त्यावरून आलेल्या दोन फोनांवर लोक अर्धा-अर्धा तास बोलले. आणि एक फाईल केली: खरेदीखत, सर्च रिपोर्ट, वारसांचे दाखले, नाव लागलेला नमुना ८, घरपट्टीच्या पावत्या, दुरुस्तीची बिलं, वाळवीची फवारणी केल्याची पावतीसुद्धा.

ऑगस्टमध्ये पुण्याचे एक गृहस्थ तीस लाख द्यायला तयार झाले, पैकी बारा रोख. भाचा डळमळला होता. कालनिर्णयचं पान रोज समोर होतं. तेव्हा लागू असलेल्या १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम २६९ एसएसप्रमाणे स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नव्हती, आणि घेतली तर दंड घेणाऱ्याला, तोही तेवढ्याच रकमेचा. "बाराला बारा गेले तर अठरा लाखांत घर विकलंस," मी म्हटलं. त्याने फोन उचलणं बंद केलं.

७ सप्टेंबरला गणपती आले. भाच्याने वाडीच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या टपरीवर एक साधा कागद लावला होता: घर विकणे आहे, कागद पूर्ण, पाण्याची विहीर, नंबर. गणपतीत गावात येणारे सगळेच तिथे थांबतात. डोंबिवलीचं एक निवृत्त जोडपं खाडीपलीकडच्या गावचं, नातेवाइकांकडे आरतीला आलेलं. त्यांचं मूळ घर भावबंदकीत अडकून पडलं होतं, आणि दरवर्षी दुसऱ्याच्या ओटीवर पाहुण्यासारखं बसायचा त्यांना कंटाळा आला होता. आम्ही ज्याला गिऱ्हाईक समजत होतो तो शनिवार-रविवार मजा करायला येणारा पुणेकर होता. स्वतःचा गणपती आणायला भिंत शोधणारा चाकरमानी आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता, माझ्याही नाही.

काकूंनी घर फिरून पाहिलं, विहिरीत डोकावल्या, मग माजघरात उभ्या राहिल्या. "इथे देवाची भिंत होती ना? गणपती कुठे बसवायचा?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहिलं.

सौदा पस्तीस लाखांना ठरला, भिंत पुन्हा बांधून देण्याच्या बोलीवर. चिरे, गवंडी, गिलावा मिळून २२ हजार. तुळई वर तशीच आहे, तिच्याखाली आता भिंत आहे. त्यांनी वीस लाखांचं गृहकर्ज घेतलं. बँकेच्या वकिलाने मागितलेला प्रत्येक कागद त्या फाईलमधून निघाला, आणि मंजुरी दिवाळीआधी आली. खरेदीखत नोव्हेंबर २०२४मध्ये झालं. टपरीवाल्याला दहा हजार दिले. दलालाचे दोन टक्के वाचले होते, त्यामानाने ते कमीच.

आता वही. घर १६ लाख, कागद १ लाख, दुरुस्ती ९ लाख ४० हजार, चौदा महिन्यांचं सगळं व्याज १ लाख ७५ हजार, घरपट्टी-वीज-राखण ३० हजार, जाहिरात ३८ हजार, टपरी १० हजार, भिंत २२ हजार. एकूण २९ लाख १५ हजार. नफा ५ लाख ८५ हजार. त्यातला चौथा हिस्सा चुलतभावाचा, १ लाख ४६ हजार २५०. पाच लाखांवर चौदा महिन्यांत एवढे, म्हणजे वर्षाला पंचवीस टक्के. ज्या पतसंस्थेला भाचा सावकार म्हणत होता तिचा दर चौदा होता. अर्थात घर बुडालं असतं तर चुलतभावालाही काही मिळालं नसतं, पतसंस्थेने मात्र गाळा सोडला नसता. ती जोखीम त्याने घेतली, तिची किंमत घेतली. माझा राग एवढ्यावरच की त्या पैशाला कोणी बिनव्याजी म्हणू नये.

दोघांना उरले ४ लाख ३८ हजार ७५०. विसारापासून एकवीस महिने, म्हणजे महिन्याला एकवीस हजारांच्या आतच, दोघांच्या सगळ्या शनिवार-रविवारांसकट आणि भाच्याची वायरिंगची मजुरी न धरता.

यातून कर जायचा होता. घर चोवीस महिन्यांच्या आत विकलं, म्हणजे भांडवली नफा धरला तरी तो अल्पकालीन, नेहमीच्या दराने. घर भाचेसुनेच्या नावाने घेऊन सोळा हजार वाचवले होते. पण बचतीतले सहा लाख आणि बाकीची उसनवारी भाच्याची होती, आणि नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशातून झालेलं उत्पन्न त्याच आयकर कायद्याच्या कलम ६४प्रमाणे नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जायचं. तिच्या दराने थोडा कर वाचेल हा बेत सीएने पाच मिनिटांत मोडला. शिवाय दुसरं घर असंच घेणार असाल तर हा व्यवसाय धरा, मग व्याज खर्चात टाकता येईल, असंही त्याने सांगितलं. भांडवली नफ्यात व्याज वजा करण्यावरून वाद होतात.

दुसरं घर पाहून ठेवलं आहे, केळशीच्या वाटेवर. भाव चांगला, गावठाणातलं, विहीर भरलेली. सुताराला भाच्याने सगळ्यात आधी नेलं. तो खिसा चाचपत गेला आणि आढ्याला खिळा टोचून आला, टोक वाकलं. वारस अकरा आहेत. विसार अजून दिलेला नाही. येत्या गणपतीला त्या घरात अकरापैकी किती जण उतरतात, ते भाचेसून मोजणार आहे.